मैलापूरच्या फुटपाथवर सेल्वीची जागा

पितृपक्षात आपल्याकडे कुणी प्रवासाला निघत नाही, आणि खरेदीला तर मुळीच नाही. मी दोन्हींसाठी निघाले. आमच्या ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि "चेन्नईला? बाहुल्या बघायला?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, म्हणजे परवानगी मिळाली.

कारण सांगते. सोलापुरात माझं छोटंसं दुकान आहे. बचत गटातल्या बायकांची कडक भाकरी, शेंगा चटणी, काळा मसाला असला माल मी ठेवते. या धंद्यात बरीच वर्षं काढल्यामुळे 'प्रदर्शन' हा शब्द कानावर पडला की माझं डोकं दुखायला लागतं. दोन दिवस मांडव, पाहुण्यांची भाषणं, बायकांच्या गळ्यात ओळखपत्रं, आणि तिसऱ्या दिवशी तोच माल परत पोत्यात. माझी भाची केतकी चेन्नईला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या एका संस्थेबरोबर महिलांच्या गटांचं काम करते. तिचा फोन आला: "मावशी, तू येच. इथे एक गट मोडायला आलाय. नवरात्राच्या आत काहीतरी झालं पाहिजे. आणि खरं सांगू, मला यातलं काही कळत नाही." भाचीला काही कळत नाही हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणते आहे म्हटल्यावर मी लगेच तिकीट काढलं.

सोलापूरहून चेन्नईला जायला मुंबईकडून येणाऱ्या गाड्या बऱ्या. संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी पोचता. स्लीपर चालतो, फक्त ऊन सुरू झालं की पंख्याखालची जागा सोडू नका. रेणीगुंट्याला पानावर मिळणारी इडली चुकवू नये. मी अर्थातच कडक भाकरी बरोबर नेली होती. समोरच्या तमिळ गृहस्थांनी ती बोटाने टकटक वाजवून पाहिली आणि "अप्पळम?" म्हणून विचारलं. अप्पळम म्हणजे पापड. मी चटणी लावून तुकडा हातावर ठेवला. त्यांनी खाल्ला, पाणी प्यायले, आणि पुढे दोन तास काही विचारलं नाही.

सेंट्रलला उतरल्यावर बाहेरच्या रिक्षावाल्यांशी घासाघीस करण्यात शक्ती घालवू नका. प्रीपेडच्या रांगेत उभ्या राहा, रांग दिसते तेवढी वाईट नसते. केतकी मैलापुरात एका घराच्या वरच्या खोलीत राहते, देवळाच्या तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. खाली घरमालकीण रुक्मिणीबाई. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते.

मामींनी दार उघडलं आणि मी चकित झाले. "या, या, बैसा. सोलापूर होऊन आलांत? असका प्रवास चोखट झाला की?"

मामींचे पूर्वज मराठी राज्याबरोबर तंजावरला गेले. घरातलं मराठी त्यांनी टिकवलं, पण चाल तमिळ झाली. कुणीतरी बखर वाचतंय आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वर वर नेतंय असं काहीसं ऐकू येतं. 'चोखट' म्हणजे छान आणि 'असका' म्हणजे सगळा, हे समजल्यावर आमचं झकास जमलं. त्यांची सून मात्र माझ्याशी इंग्रजीत बोलली आणि नातू तमिळमध्ये.

मामींच्या बैठकीत लाकडी फळ्या आणि जुन्या ट्रंका काढून ठेवल्या होत्या. इकडे नवरात्रात घरोघरी 'गोलू' मांडतात: पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या. देव, दशावतार, लग्नाची वरात, वाद्यं वाजवणारे, आणि सगळ्यांत खाली पोट सुटलेला किराणा दुकानदार चेट्टियार आणि शेजारी त्याची बायको, समोर डाळ-तांदळाच्या चिमुकल्या राशी. पायऱ्या अमावास्येला उभ्या राहतात आणि दर वर्षी निदान एक तरी नवी बाहुली यावीच लागते. त्यामुळे आपण पितृपक्ष पाळतो त्याच पंधरवड्यात मैलापुरात बाहुल्यांचा बाजार ऐन भरात असतो. बघायला जाणार असाल तर तेव्हाच जा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मोडायला आलेल्या गटाच्या म्होरक्या सेल्वीकडे गेलो. मैलापूरहून उड्डाणपुलावरची लोकल पकडून तिरुवान्मियूर, तिथून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने बस. लोकल रिकामी आणि वेळेवर असते. बसमध्ये कंडक्टर मागच्या सीटवर ठाण मांडून बसतो आणि तिकिटाचे पैसे प्रवाशांच्या हातांतून त्याच्यापर्यंत जातात, सुटे परतही येतात. मला ही पद्धत फार आवडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केतकीच्या कंपनीसारख्या काचेच्या इमारती. त्या संपल्या, मोकळी जमीन लागली, आणि मग एकदम चौकोनी, पिवळट, तीन मजली चाळी रांगेत उभ्या. केतकी म्हणाली, "आलं."

सेल्वी पंचेचाळिशीची असेल. काळीसावळी, शिडशिडीत, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारी. हे लोक पूर्वी मैलापूरच्या पूर्वेला, अगदी समुद्राच्या कडेला राहायचे. घरातले पुरुष मासेमारी करायचे, आणि सेल्वीच्या आईने, कन्नम्माने, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या करायची कला वस्तीत आणली. कन्नम्मा वारली, आणि मग त्सुनामी आली. सेल्वीचं कुटुंब वाचलं, घर गेलं, बाहुल्यांचे साचेही गेले. वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये काढलं आणि मग सरकारने ही घरं दिली. घर पक्कं आहे, नळ आहे, कुणी नाकारत नाही. पण समुद्र नाही आणि मैलापूर बसने दीड तास. बाहुल्यांचं बोचकं घेऊन चढलं की कंडक्टर शिट्टी वाजवून खाली उतरवतो.

गटातल्या दहा-बारा जणी गच्चीवर काम करत होत्या. रद्दी भिजवून वाटायची, त्यात खडूची पूड आणि डिंक, तो लगदा साच्यात दाबायचा, दोन अर्धुकं जोडायची, उन्हात वाळवायची, वर पांढरा हात आणि मग रंग. साचे त्यांनी कर्ज काढून नव्याने करून घेतले होते. जुन्यांपैकी दोनच वाळूत सापडले होते, एक गणपतीचा आणि एक चेट्टियारच्या बायकोचा.

"लाटेला सुद्धा वाणीण झेपली नाही," सेल्वी म्हणाली. केतकीने भाषांतर केलं आणि सगळ्याजणी हसल्या. खालून भोंगा वाजला तशा त्यांतल्या दोघी उठून कठड्याशी गेल्या.

खाली एक पांढरी व्हॅन उभी होती. काचेच्या इमारतींमध्ये सफाईकामाला बायका न्यायला ती रोज येते. महिन्याला ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, दिवाळीला साडी. मी आपलं सरळ विचारलं, "मग त्यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही, अक्का," सेल्वी म्हणाली. "फरशी पुसायला कुणाचेही हात चालतात, एवढंच. या नवरात्रात बाहुल्या गेल्या तर गट राहील. नाहीतर दसऱ्यानंतर या सगळ्या व्हॅनमध्ये बसतील. मीसुद्धा बसेन. त्यांना अजून एक वर्ष थांबा म्हणायला मला तोंड नाही."

बोलताना तिचे डोळे भरले नाहीत की आवाज चढला नाही. मी असे गट मोडताना पाहिले आहेत. कुणीही चुकलेलं नसतं आणि तरी एके दिवशी बैठकीला कुणी येत नाही.

आता प्रदर्शन. संस्थेने नुंगंबाक्कमच्या एका वातानुकूलित सभागृहात शनिवार-रविवारचं टेबल मिळवलं होतं. मनापासून मिळवलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जरा टीका करणार आहे. नुंगंबाक्कम म्हणजे मोठी दुकानं, ऑफिसं, झाडं लावलेले रस्ते. सभागृहात गालिचा, मंद संगीत आणि कॉफी इतकी महाग की मी कपाकडे दोनदा पाहिलं. (बाहेर कोपऱ्यावरच्या टपरीत याहून उत्तम मिळते. डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पितळी वाटी-पेल्यात मागा.)

पहिली अडचण सकाळीच आली. सेल्वीच्या निम्म्या बाहुल्यांना डोळे नव्हते. चेहरा रंगवलेला, ओठ, कुंकू, नथ, सगळं जागच्या जागी, आणि डोळ्यांच्या जागी कोरी पांढरी पानं. आयोजक बाई हातात यादी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अर्धवट माल टेबलावर नको.

"अर्धवट नाहीत," सेल्वी म्हणाली. तिच्या आईची रीत अशी होती: गिऱ्हाइकाने बाहुली निवडली की तिला गिऱ्हाइकाकडे तोंड करून धरायचं आणि तेव्हा डोळे काढायचे. बाहुलीने पहिल्यांदा बघावं ते ज्यांच्या घरी जायचंय त्यांच्याकडे. कन्नम्मा आयुष्यभर फुटपाथवर अशीच विकत आली. आयोजक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, "हाऊ स्वीट" म्हणाल्या, आणि गालिच्यावर रंग सांडेल म्हणून ब्रश काढायला बंदी केली. कोऱ्या डोळ्यांच्या बाहुल्या पोत्यात भरून टेबलाखाली गेल्या.

दुसरी अडचण आमच्या केतकीने केली. दुपारी सेल्वी आणि बाकीच्या जेवायला गेल्या, टेबलावर आम्ही दोघी. मी हात धुवायला गेले तेवढ्यात एक तरुण आला. त्याला चेट्टियार फार आवडला, ते पोट, ती मिशी. ऑफिसच्या टेबलावर ठेवणार म्हणाला. बायको नको, जागा नाही. केतकीने चेट्टियार कागदात गुंडाळून दिला. सकाळपासूनची तिसरी विक्री! मी आले तर पोरीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

सेल्वी आली. तिने टेबलाकडे पाहिलं. "वाणी कुठे?"

"विकला!" केतकी म्हणाली.

"आणि ही?"

टेबलावर वाणीण एकटी बसली होती, समोर डाळीच्या राशी. केतकी अजून हसतच होती. "हिलाही कुणीतरी नेईल ना."

"कोण नेईल?" मागची एक बाई पुटपुटली. सेल्वीने वाणिणीला उचललं, आपल्या पदरात गुंडाळलं आणि पोत्यात सगळ्यात वर अलगद ठेवलं. जोडी फोडलेली बाहुली सणाला कुणी घरात नेत नाही. आपल्याकडे राम-सीतेतला एकटा राम कुणी देव्हाऱ्यात आणेल का, तसंच. हे केतकीच्या डोक्यात प्रकाश पडायला दोन मिनिटं लागली. मग ती चप्पल घालून पार्किंगकडे पळाली. पण त्या तरुणाची गाडी केव्हाच गेली होती. संध्याकाळी रिक्षात ती बाहेर बघत डोळे पुसत होती. मी तिचा हात धरून बसले. एरवी मी टोमणा मारायची संधी सोडत नाही, पण त्या दिवशी माझ्याकडे टोमणा नव्हता. पोरीने चांगलंच करायला पाहिलं होतं.

मामींना कळलं तेव्हा त्यांनी गालावर हात मारून घेतला. "अय्यो! नवऱ्यावेगळी केलांत तिला? इतकें शिकून काय उपयोग गं केतकी?" आणि लगेच तिला दहीभात वाढून दिला, वर डांगर पचडी. उडदाच्या पिठाचं ताकातलं हे प्रकरण मैलापुरात कुठल्या हॉटेलात मिळणार नाही. तंजावरी मराठी माणसाशी ओळख काढा.

आम्ही जेवतोय तोवर सेल्वी पोती घेऊन दारात आली. बाहुल्या बसने परत न्यायच्या म्हणजे निम्म्यांची नाकं जायची, म्हणून मामींनी त्या पडवीत ठेवू दिल्या होत्या. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "उद्या मी त्या हॉलमध्ये येत नाही. दोघीजणी टेबल सांभाळतील. मी उत्तर माड वीथीवर बसणार."

देवळाच्या चारी बाजूंच्या रस्त्यांना माड वीथी म्हणतात आणि बाहुल्यांचा बाजार उत्तरेच्या रस्त्यावर भरतो. तिथे कन्नम्माची जागा होती, पिंपळाच्या सावलीत. मी धंदेवाईक बाई, मी विचारलं, "जागेचा कागद आहे?"

"फुटपाथचा कागद कोण देतं, अक्का? शेजारचे ओळखतात, तोच कागद."

तिथली रीत तिने सांगितली. दर वर्षी तुम्ही तुमच्या जागी बसता, शेजारचे तुम्हाला धरून चालतात. एक वर्ष नाही आलात तर विचारपूस करतात. दुसऱ्या वर्षीही नाही आलात तर दुसरा कुणी बसतो. सेल्वी दोन वर्षं नव्हती. पहिल्या वर्षी शेडमध्ये, दुसऱ्या वर्षी साच्यांविना.

रविवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा पिंपळाखाली मुरुगेसन बसला होता. पन्रुटीकडून बाहुल्यांचे ट्रक आणणारा, घसघशीत देहाचा, कपाळभर विभूती लावलेला माणूस. त्याच्याकडे दशावतार, वराती, क्रिकेटची अख्खी टीम, सगळं होतं.

"तुझी होती, कबूल," तो सेल्वीला म्हणाला. "पण गेल्या वर्षी मी बसलो. कुणी नव्हतं तेव्हा बसलो. आता मी कुठे जाऊ?"

मला वाटलं, आता जुंपणार. मी पदरही खोचला. पण सेल्वीने मान हलवली आणि त्याच्या दुकानापलीकडे, विजेच्या डब्याशेजारी, भर उन्हात पोतं अंथरलं. तिथे कुणी बसत नव्हतं, कारण तिथे कुणी थांबतच नव्हतं. तिने बाहुल्या मांडल्या, रंगाची करवंटी काढली, तीन-चार केसांचा ब्रश पाण्यात बुडवला आणि वाट बघू लागली.

तासभर कुणी आलं नाही. लोक मुरुगेसनकडे थांबत, डब्याशी आले की पुढे सरकत. एकदोघींनी उचलून पाहिलं आणि कोरे डोळे बघून खाली ठेवलं. केतकीला राहवेना. "मी घेते एक. भवानी तरी होऊ दे."

सेल्वीने बाहुली तिच्या हातातून काढून घेतली. "भवानी घरच्या माणसाने करायची नसते. मग दिवसभर घरचीच माणसं येतात."

उन्हाने माझं डोकं भणभणायला लागलं होतं. सेल्वी पदराने बाहुल्यांवर सावली धरून बसली होती, स्वतः उन्हात. त्या तासाभरात मला किती वाईट वाटलं ते मी सांगू शकत नाही. वाटलं, आपण उगाच आलो, आणि एक गट आपल्या डोळ्यांदेखत संपतोय.

मग एक निवृत्त गृहस्थ आले. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी, आणि बायकोने दिलेल्या सूचनांचं ओझं चेहऱ्यावर. त्यांनी एक वीणावादिनी उचलली, उलटीपालटी केली आणि खिशातून मोबाइल काढून जोरात बोलायला सुरुवात केली. केतकी माझ्या कानात भाषांतर करत होती.

"अगं, इथे एक स्वस्त आहे. पण डोळेच नाहीत हिला. नाही गं, फुटले नाहीत, काढलेलेच नाहीत. हो, सगळ्याच तशा. बाई समोर ब्रश घेऊन बसली आहे." मग ते थांबले. पलीकडून बायकोचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. गृहस्थांनी फोन कानापासून लांब धरला आणि सेल्वीला विचारलं, "तू कन्नम्माची कोण?"

"मुलगी."

त्यांनी फोनमध्ये तेच सांगितलं. पलीकडून जे काही आलं ते केतकीने हसत हसत सांगितलं: "तिथून हलू नका! मी रिक्षाने येते! हलायचं नाही म्हणजे नाही!"

आणि ते खरंच हलले नाहीत. वीणावादिनी छातीशी धरून उन्हात उभे. पंधरा-वीस मिनिटांनी काकू आल्या, बरोबर शेजारच्या दोघी. काकूंनी आल्या आल्या सेल्वीच्या हनुवटीला हात लावला. "आईसारखीच आहेस गं. आम्हाला वाटलं, तुम्ही सगळे गेलात." एवढं म्हणून त्या रडायलाच लागल्या, भर रस्त्यात. सेल्वीही रडली. मला वाटतं, त्या लाटेनंतर मैलापुरातल्या कुणीतरी तिला 'तुम्ही आहात का' असं पहिल्यांदाच विचारलं होतं.

मग तिने डोळे पुसले, हात पुसला आणि विचारलं, "घरात कोण कोण आहे?" काकूंनी सांगितलं. मुलगा परदेशी, सून आता बाळंतपणाला येणार. सेल्वीने बाहुलीचं तोंड काकूंकडे केलं, श्वास रोखला आणि आधी पापणीची रेघ ओढली, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. त्या ठिपक्यासरशी बाहुली काकूंकडे बघायला लागली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. काकूंनी भाव केला नाही.

शेजारच्या दोघींनी दोन-दोन घेतल्या. डोळे काढताना बघायला माणसं थांबू लागली आणि थांबलेल्यांना बघून आणखी थांबली. दुपारपर्यंत डब्याभोवती इतकी गर्दी झाली की बस हॉर्न वाजवत उभी राहिली. केतकीने पैसे घ्यायचं काम अंगावर घेतलं. जोडीतली बाहुली कुणी एकटी मागितली की पोरगी अशी "नाही!" म्हणायची की गिऱ्हाईक दचकायचं. सेल्वीला ते ऐकून हसू आलं. "त्या वाणिणीची काळजी करू नकोस," ती केतकीला म्हणाली. "साचा आहे ना. वाळायला आठवडा लागेल, पण नवरा दुसरा काढू." भोवतीच्या सगळ्या बायका खो खो हसल्या आणि काल संध्याकाळपासून उतरलेला केतकीचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

गर्दी म्हटल्यावर पोलीस येणारच. एक हवालदार काठी आपटत आला. रस्ता अडतोय, जुन्या लोकांव्यतिरिक्त कुणाला बसू देणार नाही, पोतं उचला. केतकी इंग्रजीत बोलायला लागली, त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. पोत्याचं टोक त्याने काठीने उचललं तसे दोन गणपती घरंगळले.

तेव्हा मुरुगेसन उठला. सकाळपासून तो आमच्याकडे बघून काहीबाही पुटपुटत होता, त्यामुळे मी पुन्हा पदर खोचला. तो येऊन हवालदाराच्या आणि पोत्याच्या मध्ये उभा राहिला.

"ही आमची आहे," तो म्हणाला. "आई इथेच बसायची. मी आलो त्याच्या आधीपासून."

"मग दोन वर्षं कुठे होती?"

"समुद्राला विचारा," मुरुगेसन म्हणाला.

समोरची फुलवाली बोलली, शेजारचा भांडीवाला बोलला. हवालदाराने गर्दी रस्त्यावर येऊ द्यायची नाही असा दम भरला आणि गेला. मुरुगेसन पुन्हा आपल्या जागी बसला. पिंपळाखालून तो हटला नाही. आणि हेही सांगते, सेल्वीकडे एक बाहुली घेतलेल्या बायका पुढे त्याच्याकडून अख्खे दशावतार नेत होत्या, हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं नाही. असेना का. मी दुकानदार आहे, मला असला स्वार्थ आवडतो.

तिन्हीसांजेला पोतं जवळजवळ रिकामं झालं. आम्ही तिघी तिरुवल्लिकेणीला गेलो. गल्लीबोळांत बिनलग्नाच्या नोकरदारांनी भरलेल्या जुन्या मॅन्शन आहेत, आणि त्यांच्यासाठी चालणाऱ्या खानावळींत पोटभर जेवण मिळतं. पान धुऊन घ्या, रस्सम दोनदा मागा. तिथून चालत मरीनावर. सेल्वी वाळूत बसली, पाण्याकडे पाठ करून. तिने केतकीला विचारलं, उद्या गच्चीवर किती जणी येतील असं वाटतं तुला? एका दिवसाच्या विक्रीने गट वाचत नाही, हे मलाही माहीत होतं आणि सेल्वीला तर होतंच.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. मामींनी वाटेसाठी पुळियोदरै बांधून दिली, म्हणजे चिंचेचा भात. दारात म्हणाल्या, "पुढल्या वर्षीं गोलूला या. मराठी बोलायला कोणी नाहीं हो इकडे."

सोलापूरला आले, घट बसवले, दुकान उघडलं. ह्यांनी विचारलं, काय आणलंस? मी दाखवलं: पिशवीभर कॉफी पावडर आणि उन्हाने सोललेलं नाक. काय राहिलं मनात, असं वाचक विचारतील. देवळाचं गोपूर राहिलं, बसमध्ये हातोहात फिरणारे सुटे पैसे राहिले, मामींचं ते 'बैसा' राहिलं. सगळ्यात जास्त राहिला तो विजेच्या डब्याशेजारचा पहिला तास, जेव्हा कुणीच थांबत नव्हतं. नवरात्रात रोज आरतीच्या वेळी मला तो तास आठवायचा आणि सेल्वी आज बसली असेल का, गच्चीवर आणखी कुणी काम करत असेल का, असं वाटून जीव खालीवर व्हायचा. केतकीला फोन केला की ती म्हणायची, बसते आहे, विकतेय, पण पुढचं कुणीच काही बोलत नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तिचा फोन आला. ती नुकतीच त्या चाळींवरून परतली होती.

"दोघी व्हॅनमध्ये गेल्या, मावशी."

मी हातातलं माप खाली ठेवलं. "आणि बाकीच्या?"

"बाकीच्या गच्चीवर होत्या. मी गेले तेव्हा इतक्या भांडत होत्या की माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. खाली चाळीतली माणसं बाहेर येऊन ऐकत होती."

"कशावरून भांडत होत्या?"

"पुढच्या वर्षी वीणावाल्या किती करायच्या यावरून. सेल्वी म्हणते दुप्पट, बाकीच्या म्हणतात तिप्पट. मी काय करू? जाऊन मिटवू का?"

मी गट मोडताना पाहिलेत, आधी सांगितलंच आहे. शेवटच्या बैठकांत कुणी भांडत नाही, सगळ्या एकमेकींना हो म्हणतात आणि चहा पिऊन घरी जातात. मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर इतक्या जोरात हसले की ह्यांनी मागून येऊन बघितलं.

"खबरदार मिटवशील तर," मी केतकीला म्हटलं. "भांडू देत त्यांना."